करंगळीचा सौदा

ऊ तिन माउंगनं माझ्याशी एकच सौदा मोडला, आणि तो मी विसरलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्याच्याबद्दल दोन चांगल्या गोष्टी लिहिल्या जातील, त्यावरून मी माफ केलं असं कुणी समजू नये.

बेंगळुरूच्या कारखान्यांच्या भागात, पीण्यात, माझं जुन्या मशीनचं शेड आहे. बंद पडलेल्या कारखान्यातले लेथ, ड्रिल, प्रेस विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि पुढं विकायचे. निपाणीकडून दहावी होऊन आलो तेव्हा याच रस्त्यावर दुसऱ्याच्या लेथखालचा बुरादा झाडत होतो. आज शेड माझं आहे, बनशंकरीत घर आहे, आणि यात कुणाचा हातभार नाही. घरात मराठी, शेडमध्ये कन्नड, गिऱ्हाइकाशी हिंदी. मी तापट आहे हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. भाव करताना मी आवाज चढवतो, निम्मी माणसं तिथंच ढिली पडतात. ऊ तिन पडला नाही. मी ओरडायला लागलो की तो सोबत आणलेल्या फ्लास्कमधला चहा ओतून घ्यायचा आणि माझं संपेपर्यंत पीत बसायचा. एकदा माझं लवकर संपलं, तर म्हणाला, चहा अजून राहिलाय, बोला.

तो ब्रह्मदेशचा. मंडालेच्या पलीकडं, नदी ओलांडून, एका लहान गावात त्याचा कारखाना होता. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवायचे आणि आसपासच्या खेड्यांना विकायचे. मंडाले म्हटलं की आपल्याला शाळेत शिकलेला तुरुंग आठवतो. मी त्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, आम्हाला त्यापेक्षा नवे तुरुंग आठवतात. त्याच्या देशात लष्करानं सत्ता घेतली, लढाई पेटली, आणि तो मुलीकडं बेंगळुरूला आला. मुलगी सू व्हाइटफील्डला एका कंपनीत हिशेबाच्या कामावर. बायको, दॉ म्या, मागं राहिली, कारण कारखाना बंद केला की त्यात कोणीतरी घुसून बसतं. तो इथून जुनी मशीन घेऊन चेन्नईमार्गे पाठवायचा, ती तिकडं उतरवून घ्यायची.

'ऊ' म्हणजे काका, 'दॉ' म्हणजे काकू. आमचा फिटर रंगप्पा त्याला बर्माण्णा म्हणायचा. मला तो 'को जाधव' म्हणायचा. 'को' म्हणजे भाऊ. वयानं तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, पण त्या 'को'मध्ये थोडी बरोबरी होती आणि थोडी चेष्टा.

पहिल्यांदा आला तेव्हा अंगात पांढरा शर्ट, खाली चौकड्याची लुंगी, खांद्यावर टॉवेल. मला वाटलं कोणीतरी वर्गणी मागायला आलाय. त्यानं शेडच्या दारात चपला काढल्या. रंगप्पानं सांगितलं, इथं जमिनीवर लोखंडाचे तुकडे असतात, पायात राहू द्या. तर म्हणाला, मशीन बघायला आलोय. जणू त्यातच उत्तर आलं. तो अनवाणीच प्रत्येक मशीनजवळ गेला. मशीनवर पालथा हात ठेवायचा, ताप बघतात तसा, आणि चालू करायला सांगून डोळे मिटायचा. वाईट मशीनला तो कधी वाईट म्हणाला नाही. म्हणायचा, "थकलंय." एखादं अगदीच भंगार असलं तर, "याला घरी जाऊ द्या." भाव पाडायची ही रीत मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या मालाला शिव्या घातल्या तर मी भांडतो. थकलंय म्हटल्यावर काय भांडणार?

त्या दिवशी एका ड्रिलवर गाडी अडली. मी माझा आकडा सांगितला, तो हसला. तो हसताना आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं केला.

मी एवढा चकित झालो की ओरडायचं विसरलो. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं कधी होत नसे. हत्त्यानं व्हायचा. दोघांचे हात रुमालाखाली, समोरच्याची किती बोटं कशी दाबली त्यावरून आकडा, आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. लहानपणी वडिलांनी हे मला शिकवलं ते रोज संध्याकाळी माझी बोटं पिळून. बेंगळुरूत आल्यापासून तो हात कुणी मागितला नव्हता. ऊ तिनच्या सासऱ्याचा मंडालेत जेड खड्यांचा धंदा होता, आणि तिथंही सौदा असाच कापडाखाली.

आम्ही शेडच्या मध्यभागी तसे उभे, हात टॉवेलाखाली, रंगप्पा तोंड उघडून बघतोय. दोन-तीन वेळा बोटं वर-खाली झाली. शेवटी त्यानं माझी नुसती करंगळी दाबली आणि हात सोडला. वडिलांच्या हिशेबात करंगळी म्हणजे वर अर्धा, हजारांचा सौदा असला तर पाचशे. म्हणजे हा आकड्यावर अर्धा आणखी देतोय. मी खूश. मनात म्हटलं, परदेशी माणूस, भोळा आहे. दुसऱ्या दिवशी तो पैसे घेऊन आला, अर्ध्याचा पत्ता नाही. मी आवाज चढवला. त्यानं चहा ओतला. माझं संपल्यावर त्यानं सांगितलं की त्यांच्याकडं करंगळी म्हणजे संपलं, पक्कं, आता मागं-पुढं नाही.

मी त्याला फसवा म्हटलं, त्यानं मला गुरांचा बाजार म्हटलं. शेवटी तडजोड अशी झाली की त्या दिवशीचा अर्धा वाटून घ्यायचा, आणि इथून पुढं आमच्या दोघांत करंगळी म्हणजे पक्कं. त्यानंतर कित्येक सौदे झाले. करंगळी दाबली की इसार नको, कागद नको. माझे वडील सांगत, हातात दिलेला शब्द ज्यानं मोडला त्याच्याशी पुन्हा व्यवहार नाही, मग तो सख्खा भाऊ असो. मी ऊ तिनला हे सांगितलं होतं. त्यानं मान हलवली होती. आमच्याकडंही तसंच, म्हणाला.

हत्त्यात त्याच्यापेक्षा त्याची बायको भारी, हे तोच सांगायचा. ती बापाच्या दुकानात बसलेली असताना हा एका शेठचा खडा विकायला गेला. तिनं टॉवेलाखाली याचा हात धरला आणि सोडेपर्यंत याला कळलं नाही की आपण तोट्यात गेलो. "मग मी रोज जायला लागलो," तो म्हणाला, "तोटा भरून काढायला." लग्नाला चाळीस वर्षं झाली, तोटा अजून निघाला नाही असं तो म्हणायचा.

माझ्याशी तो मोडकं हिंदी बोलायचा, आणि इथं राहून त्यानं कन्नडमधले दोनच शब्द घेतले, स्वल्प आणि सरी. थोडं, आणि ठीक आहे. एवढ्यावर त्याचं सगळं बेंगळुरू चालायचं. रिक्षावाल्याला स्वल्प, भाजीवाल्याला स्वल्प, मला तर प्रत्येक आकड्यावर स्वल्प. आणि शेवटी सरी.

मागच्या लोकसभेचं मतदान होतं त्या दिवशी तो शेडवर आला. मी सकाळी बनशंकरीच्या शाळेत मत देऊन, तिथं पंखा का चालत नाही यावरून भांडून आलो होतो. आमच्या इथल्या एका हॉटेलात त्या दिवशी शाईचं बोट दाखवणाऱ्याला डोसा फुकट होता. फुकटचं मी सोडत नाही. त्यालाही घेऊन गेलो. मी बोट दाखवलं, माझा डोसा आला. त्याच्या डोशाचं बिल लागणार म्हणून मी काउंटरवर हुज्जत घातली, की हा पाहुणा आहे, याला कुठून शाई लागणार? काउंटरवरच्या माणसानं ऐकलं नाही. परत येऊन बसलो तर ऊ तिन माझ्या बोटाकडं बघत होता. त्यानं ते हातात घेऊन उजेडाकडं वळवून पाहिलं. त्यांच्याकडं करंगळी बुडवतात, म्हणाला. मागच्या वेळी तो आणि बायको पहाटेपासून रांगेत उभे होते, नवे कपडे घालून. ते मतदान लष्करानं नंतर रद्दच करून टाकलं. शाई निघायच्या आत, असं तो म्हणाला, पण ते चेष्टेनं असावं.

"तुमच्याकडं शाईला डोसा मिळतो," तो म्हणाला, आणि स्वतःच्या डोशाचे पैसे देऊन उठला.

पुढं त्याच्या देशात पुन्हा निवडणूक जाहीर झाली. लढाई चालू, बऱ्याच भागात मतदान होणारच नाही असं आधीच सांगितलेलं, आणि जिथं लष्कराचा ताबा तिथं टप्प्याटप्प्यानं. त्याच्या गावाचा बाजार आणि कचेऱ्या लष्कराकडं, पण पुलापलीकडची खेडी लष्कराशी लढणाऱ्यांकडं. म्हणजे गावात मतदान होणार होतं आणि दॉ म्याची सगळी गिऱ्हाइकं होती पलीकडं.

हे मला त्यानं एका दुपारी शेडमध्ये समजावून सांगितलं, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं. वॉर्डाचा मुखत्यार, म्हणजे लष्करानं नेमलेला कारभारी, दॉ म्याकडं येऊन बसला होता. घरातली तीन नावं मतदारांत आहेत, नवरा, बायको, मुलगी. तिघांनी मत द्यायचं. नाहीतर वरचे लोक विचारतील की बाकीची दोघं कुठं आहेत, कुणाला मिळालीत, आणि मग कारखान्याच्या परवान्याचं काय. आणि शाई लावून पूल ओलांडला तर पलीकडची पोरं आधी हात बघणार, मत दिलं म्हणजे लष्कराचा माणूस. शाई नसली तर हे विचारणार, असली तर ते.

मी लगेच उपाय सांगितला. शाई लागायच्या आधी बोटाला काहीतरी चोपडायचं, नंतर पुसून टाकायचं. आपल्याकडं निवडणुकीत असले उद्योग पाहिलेत. तो म्हणाला, "को जाधव, घासलेलं बोट दोघांनाही ओळखता येतं."

दॉ म्यानं मग जे केलं ते मला मानावं लागलं. तिनं मुखत्याराला चहा दिला, जेवायला घातलं आणि दोन दिवस घासाघीस केली. मुलगी परदेशी शिकतेय, तिचं सोडा. मी आजारी, माझं सोडा. दोन्ही थापा. तिघांची तीन बोटं होती ती तिनं एकावर आणली. घरातलं एक बोट दिलं की बाकीच्यांचं कुणी विचारणार नाही. पण ते एक घरच्या कर्त्या पुरुषाचं हवं, यावर तो अडून बसला. मी असतो तर दोनावर थांबलो असतो. बाईनं सौदा चांगला केला होता. आता ते एक बोट माझ्या शेडमध्ये बसून चहा पीत होतं.

तो जाणार हे त्यानं मला सांगितलं नाही. ते त्याच्या मुलीनं, सूनं, सांगितलं. ती एका संध्याकाळी ऑफिसची गाडी सोडून, मेट्रो बदलत पीण्यात आली. दिसायला बापासारखी, पण हसताना आवाज येणारी. त्या दिवशी हसली नाही. बाबा तिकीट बघतायत, म्हणाली. त्यांना तिथून इकडं आणायला आईनं आणि मी काय काय केलं ते मला माहीत आहे, आणि ते परत चाललेत, कशावर विश्वास आहे म्हणून नाही, नुसतं बोट बुडवायला. शिवाय शाई लागली की उतरेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, आणि त्या काळात काही झालं तर आई एकटी त्यांना कुठं नेणार? ती रागानं बोलत होती. तिचा राग मला आवडला, पटला.

"अंकल, ते माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "ते फक्त तुमच्याशी भाव करतात."

मी म्हटलं, बघतो.

शेडच्या उजव्या कोपऱ्यात एक लेथ होता. एका बंद पडलेल्या कारखान्यातून मी स्वतः उचलून आणलेला, जुना पण सरळ. ऊ तिननं त्यावर किती वेळा पालथा हात ठेवला असेल. त्याला तो कधीच थकलेला म्हणाला नव्हता. माझा आकडा आणि त्याचा आकडा यांत बरंच अंतर होतं, आणि मी एक पैसाही खाली आलो नव्हतो. होसूरचं एक गिऱ्हाईक माझ्या आकड्याला तयार होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऊ तिनला त्या लेथजवळ नेलं. म्हटलं, तुमच्या भावात देतो. एकच अट. तुमच्या गावाचं मतदान होईपर्यंत बेंगळुरू सोडायचं नाही. मुखत्याराला काय सांगायचं ते तुमची बायको बघेल. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, एकाचं शून्य करील.

त्यानं लेथवर पालथा हात ठेवला. मग म्हणाला, मागचं मत आम्ही मनानं दिलं होतं, हे बोटानं द्यायचंय, एवढंच, यात एवढं काय. मी म्हटलं, मग बोट इथंच राहू द्या. तो म्हणाला, म्यानं शब्द दिलाय. मी म्हटलं, तिनं दिला, तुम्ही नाही. आणि मग मी ओरडायला लागलो. काय काय बोललो ते आता नक्की सांगता येणार नाही, पण लढाईत पोरंसुद्धा पळून येतात आणि तुम्ही म्हातारपणी उलटे चाललात, असं काहीतरी. बाहेरचे लोक डोकावले. फ्लास्क शेजारी होता, पण त्यानं चहा ओतला नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी थांबल्यावर त्यानं टॉवेल हातावर टाकला. टॉवेलाखाली मी त्याला त्याचाच आकडा दिला. त्याचा हात गार होता. त्यानं काही वाढवलं नाही, कमी केलं नाही, स्वल्पसुद्धा म्हणाला नाही. माझी करंगळी दाबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

मी त्याच्यासमोरच होसूरवाल्याला फोन करून लेथ गेला म्हणून सांगितलं. सूलाही कळवलं. ती थँक्यू अंकल म्हणाली.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. मंगळवारी रंगप्पानं सांगितलं, बर्माण्णाचा फ्लास्क शनिवारपासून इथंच आहे. तो फ्लास्क विसरणारा माणूस नव्हता. मी सूला फोन लावला. तो कोलकात्याला पोचला होता, तिथून यंगूनचं विमान होतं. मी त्या भर ट्रॅफिकमध्ये पीण्यातून व्हाइटफील्डला गेलो. कशाला गेलो? भांडायला. पण ज्याच्याशी भांडायचं तो नव्हता. एका खोलीचं घर, दाराशी सूच्या चपला, त्याच्या नाहीत. मी तिच्यावरच आवाज चढवला. हातात दिलेला शब्द होता, म्हटलं, करंगळी दाबली होती. तिनं ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्यानं कोलकात्याहून फोन केला तेव्हा तिनंही हेच विचारलं होतं.

"म्हणाले, तोंडानं सांगितलं असतं तर को जाधवनं विश्वास ठेवला नसता. माझ्यावर पहारा ठेवला असता. हातावरच त्याचा विश्वास आहे."

म्हणजे त्यानं ते ठरवून केलं. इतक्या वर्षांत माझ्याशी मशीनच्या बाबतीत एक खोटं बोलला नाही, आणि जे एक बोलला ते नेमकं तिथं. याचा राग मला लेथच्या पैशापेक्षा जास्त आहे. होसूरवाला पुन्हा आला होता, लेथ मी त्याला दिला नाही. हट्ट म्हणा. तो कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. रंगप्पा अधूनमधून त्यावर तेलाचा हात फिरवतो, मी सांगितलेलं नाही, पण थांबवलेलंही नाही.

त्यांच्या मतदानाची बातमी इथल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली. कुठला टप्पा, कुठले भाग, एवढंच. त्याच्या गावाचं नाव नव्हतं. सूचा फोन लागत नव्हता आणि माझं मशीन विकण्याकडं लक्ष नव्हतं. त्या दिवसांत मी तीन गिऱ्हाइकं ओरडून घालवली.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते सूच्या फोनवर, एका रविवारी दुपारी. तिकडं काही वेळ नेटवर्क येतं, लवकर या, असं तिनं कळवलं. त्यानंतर आजपर्यंत तो फोन लागलेला नाही. सू म्हणते टॉवर बंद आहेत, माणसं ठीक असतील. तिचं बोलणं खरं असेल असं मी धरून चालतो.

तो कारखान्यात बसला होता. लुंगी, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. मागं मी पाठवलेलं ते पहिलं ड्रिल, आणि त्यावर एक बुटकी बाई काम करत होती. तिनं मान वळवून फोनकडं एकदा पाहिलं, मला नीट निरखलं, आणि पुन्हा कामाला लागली. तिची दोन्ही हातांची बोटं स्वच्छ होती. नुसतं तेल लागलेलं.

मी नमस्कार-चमत्कार केला नाही. म्हटलं, बोट दाखवा. त्यानं डावा हात वर केला. कातडीवरची शाई गेली होती, करंगळीच्या नखात मात्र अजून काळी होती. नख वाढून कापलं जाईपर्यंत ती तशीच राहणार. तोवर पुलापलीकडं बायकोच जाते, म्हणाला, मी घरात बसून चहा करतो. फ्लास्क नाही त्यामुळं गार होतो.

मी म्हटलं, "सौदा मोडलात तुम्ही."

तो हसला. आवाज नाही, नुसते खांदे. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि तो हात फोनपुढं केला. टॉवेलाखाली बोटं हलत होती. लेथ, तो म्हणाला, आता काय भाव? सू माझ्याकडं बघायला लागली. वडिलांचा नियम मला पाठ आहे. एकदा हातातला शब्द मोडला की पुन्हा व्यवहार नाही, सख्खा भाऊ असला तरी.

"फोनवर भाव होत नाही," मी म्हटलं. "हात लागतो. पाहिजे असेल तर इथं या."

"सरी, को जाधव," तो म्हणाला. "स्वल्प थांबा."

तेवढ्यात आवाज गेला आणि चित्र तिथंच थांबलं. तो टॉवेल, आणि टॉवेलाखाली उचललेलं एक बोट. कुठलं, ते दिसत नव्हतं.